पहिलं लाकडी धनुष्य टिलर करताना: आधी बघायचं कसं, मग घासायचं कुठे

नवीन माणूस धनुष्य बनवायला बसला की लाकूड शोधण्यात आठवडे घालवतो, आकार मन लावून कापतो, मूठ छान घासतो आणि मग जे खरं काम आहे ते एका दुपारी उरकायला बघतो. ते काम म्हणजे टिलरिंग. दोन्ही पाती सारखी आणि पूर्ण लांबीभर वाकावीत म्हणून थोडं थोडं लाकूड काढत जायचं, सांगायला एवढंच आहे, पण धनुष्य तुटतं ते बहुतेक वेळा इथेच. माझी पहिली दोन इथेच गेली, एक पात्याच्या मधोमध आणि दुसरं मुठीजवळ, आणि दोन्ही वेळा चूक एकच होती, घासायला जेवढा वेळ दिला त्याच्या अर्धासुद्धा बघायला दिला नव्हता. म्हणून इथे हत्यारांपेक्षा बघण्याबद्दल जास्त लिहितोय.

आधी नावं ठरवून घेऊ

नेम धरल्यावर धनुष्याची जी बाजू टार्गेटकडे असते ती पाठ, आणि आपल्याकडे म्हणजे दोरीकडे असते ते पोट. मुठीच्या वर आणि खाली वाकणारे जे दोन भाग त्यांना मी पाती म्हणणार आहे. जाड मूठ आणि पातळ पातं यांच्यामधला तिरका भाग म्हणजे उतार, तो वाकत नाही आणि वाकूही नये. टोकाला दोरी अडकते ती खाच.

धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. ताण सहन करायचा तर पाठीवरचे लाकडाचे धागे टोकापासून टोकापर्यंत अखंड पाहिजेत, मध्ये कुठे कापले गेले की ओढताना तिथूनच ढलपी उठते. म्हणून टिलरिंगचं लाकूड फक्त पोटाकडून काढायचं, पाठीला हात लावायचा नाही. हे जुनंच शहाणपण आहे, १५४५ मध्ये बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्लिश जहाजातून शंभराहून जास्त लाँगबो मिळाले, ते यू नावाच्या झाडाच्या लाकडाचे आहेत आणि त्यात पाठीला झाडाचं बाहेरचं फिकट लाकूड ठेवलेलं आहे कारण ते ताण चांगला घेतं, आणि पोटाला आतलं गडद लाकूड कारण ते दाब चांगला घेतं. आपण फळीतून धनुष्य काढतो तेव्हा असे दोन थर मिळत नाहीत, पण निदान ज्या फळीच्या पाठीवरच्या रेषा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जातात अशीच फळी घ्यायची. रेषा तिरक्या होऊन मध्येच कडेला बाहेर पडत असतील तर टिलरिंग कितीही चांगलं केलं तरी ती फळी दगा देऊ शकते. हिकरी, अॅश, मेपल, ओक ही शिकायला चांगली लाकडं, त्यात हिकरीची पाठ सगळ्यात चिवट.

सुरुवात करायच्या आधी हातात काय हवं

मापांवर फार वेळ घालवत नाही. २८ इंच ओढायचं असेल तर त्याची दुप्पट ५६, मूठ आणि दोन्ही उतार मिळून ८, झाले ६४, त्यात दहा टक्क्यांच्या आसपास भर घाला, म्हणजे ७० इंचापर्यंत जातं. पहिल्या धनुष्याला लांबीत कंजुषी करू नका, लांब धनुष्य चुका पचवतं. रुंदी उताराजवळ पावणेदोन इंच, पात्याच्या मध्यापर्यंत तेवढीच ठेवून पुढे टोकाला अर्धा इंच. जाडी उताराजवळ १६ मिमीच्या आसपास आणि टोकाकडे १२-१३, आणि हा उतरता क्रम एकसारखा पाहिजे, मध्ये खड्डा नको की उंचवटा नको. इथे कॅलिपर लावून दर दोन इंचाला माप घ्या, इथे नीट केलेलं काम पुढे खूप वेळ वाचवतं. लाकूड सुकलेलं हवं, ओलावा साधारण ८ ते १० टक्के, ओलसर लाकूड तुटत नाही पण वाकलेलंच राहतं.

टार्गेट वजन, म्हणजे पूर्ण ओढीला दोरी ओढायला किती पाउंड जोर लागावा तो आकडा, आधीच ठरवा. पहिल्यासाठी ३५ ते ४० पाउंड भरपूर झाले. हा आकडा नुसता हौसेचा नाही, पुढची सगळी पद्धत त्याच्यावर उभी आहे.

पाठीच्या दोन्ही कडा गोल करून घ्या, अगदी पेन्सिलीच्या गोलाईइतक्या, आणि सँडपेपर नेहमी लांबीच्या दिशेने फिरवा, आडवे ओरखडे ठेवू नका. धारदार कड हे ढलपी उठायचं दुसरं मोठं कारण.

हत्यारं थोडीच लागतात: एक रास्प (लाकडाची दातेरी, खरबरीत कानस), एक स्क्रेपर (लाकूड बारीक खरवडणारी पोलादी पट्टी), सँडपेपर, पेन्सिल, टेप आणि वजन दाखवणारा लटकवायचा काटा. रंधा मी टिलरिंगच्या वेळी वापरत नाही, रेषा उलटी आली की तो खोल खाऊन जातो. मशीनचा सँडर तर शेवटच्या टप्प्यात लांबच ठेवा, आणि त्याचं कारण एका हिशोबात आहे. पात्याचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात असतो पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे रुंदी दहा टक्के कमी केली तर ताठपणा दहा टक्के कमी होतो, पण जाडी दहा टक्के कमी केली तर सत्तावीस टक्के जातो. १२ मिमी जाडीच्या जागी फक्त अर्धा मिमी काढला तर त्या जागेचा साधारण १२ टक्के ताठपणा गेला. सँडरला अर्धा मिमी खायला किती वेळ लागतो ते तुम्हीच बघा, आणि तो परत भरता येत नाही.

जमिनीवर वाकवून बघणं

पहिली पायरी दोरीशिवायची. एक टोक जमिनीवर टेकवा, खाली जुनी चादर किंवा लाकडाचा तुकडा ठेवा, पाठ जमिनीच्या बाजूला ठेवून एका हाताने मूठ आणि एका हाताने वरचं टोक धरा आणि मूठ हळू खाली दाबा. खालचं पातं वाकताना दिसलं पाहिजे. सुरुवातीला ते अजिबात वाकणार नाही, मग पोटावर पूर्ण लांबीभर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा ओढा आणि त्या रेघा जाईपर्यंत रास्प चालवा, मग परत ओढा, परत घासा. रेघांचा फायदा हा की सगळीकडून सारखंच लाकूड निघतं, कुठे जास्त वेळ रेंगाळलात ते लगेच कळतं. दोन्ही पाती आलटून पालटून करा, एकच संपवून दुसऱ्याकडे जाऊ नका.

जरा जोर लावल्यावर प्रत्येक पातं दीड-दोन इंच वाकायला लागलं आणि दोन्ही हाताला साधारण सारखी लागली की थांबा. हाताला जाणवतं ते खरंच असतं, डोळे मिटून दोन-तीन वेळा उलटसुलट करून बघा, कडक पातं कुठलं ते कळेल.

आता खाचा. टोकापासून पाऊण इंचावर, दोन्ही कडांना, गोल कानशीने ४५ अंशात, मुठीच्या दिशेने उतरणाऱ्या. खाच फक्त कडेला, पाठीवरून आडवी कापायची नाही.

लांब दोरी आणि टिलरिंगचा खांब

भिंतीला किंवा मजबूत खांबाला एक अशी बैठक करा ज्यात मूठ पोट खाली करून नीट बसेल, खाली जमिनीजवळ एक कप्पी, दोरीला हुक, हुकाला काटा, काट्यातून रस्सी कप्पीखालून तुमच्या हातात. धनुष्यापासून तुम्ही आठ-दहा फूट लांब उभे पाहिजेत, दोन कारणांसाठी: तुटलं तर तुकडे लागू नयेत, आणि लांबून बघितल्याशिवाय वाक कळतच नाही. चष्मा किंवा सेफ्टी गॉगल घाला. मागची भिंत एकरंगी असेल तर सोन्याहून पिवळं, त्यावर खडूने आडव्या रेघा मारल्या तर दोन टोकं किती खाली आली ते सरळ वाचता येतं.

लांब दोरी म्हणजे धनुष्य न वाकवता खाचांमध्ये जेमतेम बसेल एवढीच लांब. खूप सैल, लोंबणारी दोरी लावू नका, कारण दोरी जास्त लांब असली की ओढीचा कोन बदलतो आणि पात्याचा बाहेरचा भाग आहे त्यापेक्षा वेगळा वाकतोय असं वाटतं. माझं पहिलं धनुष्य याच्यानेच गेलं, सैल दोरीवर छान दिसणारा वाक छोटी दोरी (जी धनुष्य वाकवूनच बसते) चढवल्यावर एकदम मधोमध मोडल्यासारखा दिसायला लागला आणि तोवर उशीर झाला होता.

आता दोन नियम, हे खांबावर चिकटवून ठेवावेत इतके महत्त्वाचे. एक, टार्गेट वजनापेक्षा जास्त कधीही ओढायचं नाही, धनुष्य फक्त १० इंच आलं असेल आणि काटा ४० दाखवत असेल तर १० इंचावरच थांबायचं. दोन, चूक दिसली की त्याच्या पुढे ओढायचं नाही. १२ इंचावर एक जागा जास्त वाकताना दिसतेय तर १५ ला काय होतंय ते बघायची काहीही गरज नसते, खाली उतरवा आणि आधी ती दुरुस्त करा. लाकडाला चुकीच्या वाकात ताणलं की पोटाचे धागे तिथे कायमचे दबतात आणि नंतर टिलर, म्हणजे पात्यांचा वाक, सुधारला तरी ती जखम राहते.

बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं

खरं कौशल्य सगळं इथे आहे. ओढलेल्या पात्याकडे बघताना सुरुवातीला सगळं सारखंच गोल दिसतं, डोळा तयार व्हायला वेळ लागतो, पण काही युक्त्या लगेच कामाला येतात.

आधी ठरवा की वाक कसा हवाय. वर सांगितलेल्या मापाचं, मध्यापर्यंत रुंद आणि मग निमुळतं होणारं पातं असेल तर उतार संपला की हळूहळू वाक सुरू व्हायला हवा, मध्ये आणि मध्याच्या थोडा बाहेर नीट वाकायला हवं आणि शेवटचे पाच-सहा इंच जवळपास ताठ चालतात, कारण तिथे रुंदी कमी असते. पातं उतारापासून टोकापर्यंत सरळ रेषेत निमुळतं होत गेलं असेल आणि जाडी सगळीकडे सारखी असेल तर वाक वर्तुळाच्या कमानीसारखा हवा. दुसऱ्याच आकाराच्या धनुष्याचा फोटो समोर ठेवून त्याच्यासारखा वाक आणायला गेलात तर चांगलं धनुष्य बिघडवाल.

मग एकेक पातं वेगळं बघा. हाताने दुसरं पातं झाका आणि एकाच पात्यावर डोळा मुठीपासून टोकापर्यंत सावकाश फिरवा, सपाट जागा शोधा. जास्त वाकणारी जागा डोळ्यात आधी भरते पण आपलं काम सपाट जागेवर असतं, कारण लाकूड तिथूनच काढायचंय. हे उलटं डोकं लावायला नवीन माणसाला जड जातं.

दुसरी युक्ती, सहा इंच लांबीचा एक अगदी सरळ लाकडी ठोकळा घ्या, मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल घट्ट बसवा. धनुष्य थोडं वाकलेल्या अवस्थेत असताना हा ठोकळा पोटावर ठेवला की दोन टोकं टेकतात आणि मध्ये फट राहते. जिथे वाक जास्त तिथे फट जास्त. पेन्सिल इतकी बाहेर काढा की सगळ्यात जास्त वाकणाऱ्या जागी ती जेमतेम टेकणार नाही, आणि मग ठोकळा पूर्ण पात्यावरून सरकवा. जिथे जिथे पेन्सिल उमटली ती जागा कडक. तेवढीच घासा. टोकाजवळचा आणि उताराजवळचा भाग मात्र सोडा, तिथे ताठपणा हवाच असतो. लांब दोरीवर हे करायला कोणीतरी रस्सी धरून ठेवायला लागतं, दोरी चढवल्यावर एकट्याने होतं.

तिसरी, मोबाईल स्टँडवर लावून दर वेळी त्याच जागेवरून फोटो काढा, मुठीच्या उंचीला, सरळ समोरून. फोटो उलटा करून बघितला की डोळ्याची सवय मोडते आणि दोष पटकन दिसतो. धनुष्यसुद्धा अधूनमधून खांबावर उलटं फिरवून लावा, डावं पातं उजवीकडे, कारण कधीकधी बैठकच वाकडी असते आणि आपण उगाच चांगल्या पात्याला घासत बसतो.

आणि घासलं की लगेच बघून निर्णय घ्यायचा नाही. लाकूड काढल्याचा परिणाम पूर्ण दिसायला पात्याला थोडा व्यायाम लागतो. वीस ते तीस वेळा, मागच्या वेळी जिथपर्यंत ओढलं होतं तिथपर्यंतच, सावकाश ओढा आणि सोडा, मग बघा. ही पायरी टाळणारा माणूस एकाच जागी तीनदा घासतो कारण फरक दिसत नाही, आणि मग तिन्ही वेळचा फरक एकदम दिसतो. घासायला पाच मिनिटं लागली तर व्यायाम आणि बघणं मिळून पंधरा मिनिटं, असं प्रमाण मी ठेवतो.

दोरी चढवणं आणि कडेला झुकलेलं पातं

लांब दोरीवर टार्गेट वजनाच्या आत दोन्ही टोकं पाच-सहा इंच सारखी खाली येत असतील आणि वाक नीट असेल तर छोटी दोरी चढवायची वेळ आली. पहिल्यांदा मुठीच्या पोटापासून दोरीपर्यंत फक्त ३ इंच अंतर ठेवा, पूर्ण ६ इंच नंतर. जोर खूपच लागत असेल तर हट्ट करू नका, अजून थोडं लाकूड कमी करायला हवंय असा त्याचा अर्थ.

दोरी चढल्यावर एका टोकाकडून लांबीला डोळा लावून बघा, दोरी मुठीच्या मध्यावरून जातेय का. एका बाजूला सरकलेली असेल तर ज्या बाजूला पात्याचं टोक आणि दोरी झुकलीय ती बाजू कमजोर आहे, आणि लाकूड समोरच्या बाजूचं काढायचं, पोटाच्या त्या कडेवरून. दोरी डावीकडे गेलीय तर उजव्या कडेचं पोट हलकं करा, टोक उजवीकडे परत येतं. हे काम लवकर करा, जाडी शिल्लक असताना.

इथेच दोन पात्यांचा समतोलही मोजा. प्रत्येक उतार संपतो तिथून दोरीपर्यंतचं अंतर टेपने घ्या. बाण दोन बोटांमध्ये धरून सोडणार असाल तर वरच्या पात्याचं अंतर खालच्यापेक्षा ३ ते ५ मिमी जास्त ठेवायची पद्धत आहे, म्हणजे खालचं पातं किंचित कडक, कारण हाताचा जोर धनुष्याच्या मध्याच्या खाली पडतो. बाणाखाली तिन्ही बोटं लावणाऱ्यांनी दोन्ही जवळपास सारखीच ठेवावीत.

पूर्ण ओढीपर्यंत

इथून पुढे रास्प बाजूला ठेवून स्क्रेपर हातात घ्या. स्क्रेपरचे दहा-बारा हात, तीस वेळा व्यायाम, बघणं, परत. वाक बरोबर असेल आणि फक्त वजन जास्त असेल तर दोन्ही पात्यांच्या पूर्ण पोटावरून सारखे हात मारा. दर वेळी टार्गेट वजनापर्यंत ओढलं की धनुष्य आपोआप १८, २०, २२ इंच असं पुढे सरकत जातं. २० च्या आसपास दोरी पूर्ण ६ इंचांवर आणा. शेवटच्या भागात इंचामागे साधारण २ पाउंड वाढतात हे लक्षात ठेवलं की २४ इंचावरच पुढचा अंदाज बांधता येतो.

प्रत्येक टप्प्याला दोरी उतरवून धनुष्य सरळ पट्टीला लावून बघा, ते दोरीच्या दिशेने किती वाकलेलं राहिलंय. एक-दीड इंच राहणं साध्या लाकडी धनुष्याला ठीक आहे, दोनच्या वर गेलं तर पोट जास्त दबतंय. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते कुठे राहिलंय. एका पात्यात किंवा एकाच जागी असेल तर ती जागा जास्त काम करतेय, तिच्यावर पेन्सिलीने फुली मारा आणि स्क्रेपर तिथे लावू नका.

ओढ २६ इंचांवर आली आणि वजन टार्गेटच्या आसपास असेल तर घाई करू नका, कारण अजून घासकाम बाकी आहे आणि शेवटच्या सँडिंगमध्ये दोन-तीन पाउंड सहज जातात. पूर्ण ओढीला ४० हवे असतील तर खांबावर पूर्ण ओढीला ४३-४४ भरतील असा अंदाज आला की थांबा, प्रत्यक्ष तेवढं ओढू नका. आणि खांबावर ओढून तसंच बांधून ठेवू नका, फोटो काढा आणि सोडा.

काही बिघडलं तर

सगळ्यात जास्त भेटणारा दोष म्हणजे बिजागरी, एकाच ठिकाणी पातं दुमडल्यासारखं वाकणं. तिला हात लावू नका, तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड कमी करत वाक पसरवा. याच्यात वजन जातं, ४० चं धनुष्य ३० वर येईल, येऊ द्या, ३० चं चालणारं धनुष्य हातात असणं चांगलं. बिजागरी फार खोल असेल तर मात्र ते धनुष्य शिकण्यासाठी ठेवा, पूर्ण ओढू नका.

पोटावर आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर ती दाबाने चिरडलेल्या धाग्यांची खूण. ती जागा आता कमजोर झाली, उपाय तोच, आजूबाजूचं हलकं करायचं आणि ओढ कमी ठेवायची. पाठीवर छोटी ढलपी उठली असेल तर तिच्याखाली पातळ सुपरग्लू जाऊ द्या, दाबून सुकवा, वरून दोऱ्याने घट्ट गुंडाळून तो दोराही ग्लूने भिजवा. लांब ढलपी असेल किंवा आडवी चीर असेल तर ते धनुष्य ओढायचं बंद.

एक पातं कडक राहिलं तर पूर्ण पात्यावरून सारखं काढा, पण त्याआधी एकदा धनुष्य खांबावर उलटं फिरवून खात्री करा.

बाण सोडल्यानंतर

कोपरे गोल करून सँडिंग झालं की फिनिश लावायच्या आधीच बाण सोडायला सुरुवात करा. बाणाशिवाय दोरी ओढून सोडू नका, सगळी ताकद पात्यांमध्येच परत जाते आणि पाती फुटू शकतात. बाण फार हलके नकोत, धनुष्याच्या दर पाउंडामागे १० ग्रेन, म्हणजे ४० पाउंडांना ४०० ग्रेन, साधारण २६ ग्रॅम. पहिले वीस अर्ध्या ओढीने, मग हळूहळू पूर्ण. शंभर बाण होईपर्यंत टिलर थोडा सरकतोच, एखादं पातं किंचित मऊ होतं, म्हणून त्यानंतर परत खांबावर लावा, उतारापासूनची दोन्ही अंतरं परत मोजा, आणि लागलंच तर स्क्रेपरचे चार-पाच हात. मग तेल किंवा वार्निशचे पातळ थर, पाठीला आणि टोकांना एक थर जास्त, आणि मुठीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लाकूड, लांबी, वजन आणि किती इंचांच्या ओढीला ते लिहून ठेवा, दुसरं धनुष्य करायला घ्याल तेव्हा मापांसाठी हेच आकडे पहिल्यांदा बघायला लागतील.